बाबांचं जुनं रिव्हॉल्व्हर : घासायचं, काळं करायचं की तसंच ठेवायचं?

देवगडचा आंबा क्रॉफर्ड मार्केटला जायचा आणि हंगामाचा पैसा रोख घरी यायचा, त्या काळात बाबांनी .३२ बोअरचं वेबली, म्हणजे त्या इंग्रजी कंपनीचं रिव्हॉल्व्हर, घेतलं. रात्रीच्या एसटीत पैशांची पिशवी मांडीवर आणि रिव्हॉल्व्हर कमरेला. उभ्या आयुष्यात त्यांनी ते एकदाही कुणावर रोखलं नाही. बाबा गेल्यावर कायद्याप्रमाणे आम्ही ते पोलीस ठाण्यात जमा केलं आणि माझा परवाना होईपर्यंत ते तिथेच राहिलं. जमा करताना मी एक मूर्खपणा केला. चामड्याच्या म्यानात घालून, वर रुमाल गुंडाळून दिलं, नीट राहावं म्हणून. तीन पावसाळ्यांनी परत मिळालं तेव्हा म्यान निघेना. निघालं तेव्हा म्यानाचं बटण टेकत होतं तिथे नळीवर चार आण्याएवढा लाल डाग, सिलिंडरवर गंजाची बारीक पुरळ आणि खाचांमध्ये चामड्याचा हिरवट चिकटा.

दुसरा मूर्खपणा पुढच्याच आठवड्यात. साफ करायला पडवीत टेबलावर मांडलं, फोन आला म्हणून अंगणात गेलो. आत्या समया घासत बसली होती. परत येतो तर आमसुलाच्या पाण्यात बुडवलेली चोथरी तिच्या हातात आणि फ्रेमची डावी बाजू चंदेरी. "तांब्यो लख्ख होता, मग ह्यां कित्याक नाय?" तिचं बरोबरच होतं, तांबं-पितळ आमसुलाने लख्ख होतं. पण रिव्हॉल्व्हरचा काळा-निळा रंग हा स्वतःच लोखंडाचा ऑक्साईड असतो, आणि आम्लाला तो आणि गंज यांत फरक कळत नाही. पन्नास वर्षं टिकलेला रंग पाच मिनिटांत गेला. चूक माझी. परवाना माझ्या नावावर, हत्यार उघड्यावर सोडून जायलाच नको होतं.

त्यानंतर वर्षभर मी एकाच प्रश्नाभोवती फिरलो : याचं करायचं काय? निरनिराळे कारागीर भेटले, बरंच वाचलं, थोडं बिघडवलं. किनाऱ्यालगतच्या घरात असं एखादं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, ते इथे लिहितो. डबल बॅरलवाल्यांसाठीही (दोन नळ्यांची बंदूक) यातलं बरंच लागू आहे. जिथे नाही तिथे तसं सांगेन.

आधी रिकामं आहे ना ते बघा

"रिकामंच आहे" असं कुणीही सांगो, आपण स्वतः बघायचं. वेबलीसारखं मोडून उघडणारं असेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून घोड्याशेजारचा डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबायचा. नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी काडतुसं वर उचलते. सिलिंडर बाजूला पडणारं असेल तर पाडून बघायचं. सहाही घरांत उजेड धरून मोजायचं, मग एकेका घरात बोट लावून पुन्हा मोजायचं. काडतुसं निघाली तर ती दुसऱ्या खोलीत, कुलुपात.

गंजामुळे काडतूस आत अडकलं असेल किंवा उघडतच नसेल, तर तिथेच थांबा. ठोकणं, पक्कड लावणं, तेल ओतून उद्या बघणं, यांतलं काही नको. तशा अवस्थेत ते फक्त परवानाधारक कारागिराने हाताळायचं असतं.

कागद आधी, एमरी पेपर नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण निम्मा निर्णय इथेच होतो.

वडिलोपार्जित म्हणून हत्यार आपोआप आपलं होत नाही. परवानाधारक वारला की ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि वारसाने आपल्या नावाने परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलं धरून. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची असते. घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आणि एक सिंगल बॅरल आधीच असेल तर तिसऱ्याचं काय करायचं, हे रंगाच्या आधी ठरवावं लागेल.

बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, बघा. .३२ नागरिकांना परवान्यावर मिळतं. पण .३८० किंवा .४५५ ची काडतुसं घेणारी जुनी लष्करी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांची गोष्टच वेगळी. आजोबा फौजेत होते आणि त्यांची पेटी उघडली तर हे निघालं, असा प्रसंग आपल्याकडे अशक्य नाही. तसं झालं तर साफसफाईचा विचारसुद्धा न करता आधी वकील आणि पोलीस ठाणं.

आता रंगकामाशी थेट संबंध असलेली दोन कलमं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यारं दुरुस्त करण्याच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. म्हणजे कणकवलीचा मोटारसायकलचे सायलेन्सर चमकवणारा, किंवा देवाच्या मूर्तींना मुलामा देणारा ओळखीचा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात हे द्यायचं नाही. आपण अडकतो आणि त्यालाही अडकवतो. कलम ८ आणखी महत्त्वाचं. हत्यारावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. घासून गुळगुळीत करण्याच्या नादात क्रमांक पुसट झाला तर "पॉलिश करत होतो" हे उत्तर कुठल्या तोंडाने देणार?

तिसरी गोष्ट प्रवासाची. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते लिहिलेलं असतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला बेळगाव जवळ आणि गोवा तर उंबरठ्यावर. पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर पत्रादेवीचा नाका ओलांडला की तो कागद निरुपयोगी. मी स्वतः आंबोली चढून बेळगावला निघालो होतो. आदल्या रात्री सहज परवाना वाचला आणि गाडी कोल्हापूरकडे वळवली. हत्यार परवानाधारकाने स्वतः न्यायचं, रिकामं, सोबत मूळ परवाना. भाच्याबरोबर पाठवायचं नाही, कुरियरने तर नाहीच.

सकाळच्या उन्हात बसून पाहणी

ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं. सकाळी साडेआठच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर ठेवून बघा. हातात सुती मोजे. वैशाखात आपल्या बोटांना जो घाम असतो त्यातल्या मिठाने दोन दिवसांत ठसे उमटतात, मी ते माझ्याच सिलिंडरवर बघितलेत.

पहिल्यांदा शिक्के वाचा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला तपासलेल्या वेबलीवर मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं सापडतात, फ्रेमवर पंखवाल्या गोळीचं कंपनीचं चिन्ह असतं, आणि क्रमांक. प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून. क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा, एक आकडा इकडचा तिकडे असला तरी आत्ताच दुरुस्त करून घेतलेला बरा.

मग खड्डे. गंज दोन प्रकारचा. वरवरचा लाल गंज पृष्ठभागावर बसलेला असतो, तो निघतो. दुसरा आत खात जातो, त्याचे खड्डे पडतात. समुद्राकाठी हा दुसरा जास्त, कारण खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि एकाच ठिकाणी धरून ठेवतं. बाकी लोखंड कोरडं दिसतं आणि त्या ठिपक्याखाली खाणं चालू असतं. नख हळूच फिरवा. नख अडकलं तर खड्डा खोल आहे. त्याची जागा कागदावर चित्र काढून नोंदवा, आणि विशेषतः एक गोष्ट टिपा : शिक्क्यापासून खड्डा किती लांब?

हे का, तर साधं गणित आहे. खड्डा रंगाने भरत नाही. तो नाहीसा करायचा तर त्याच्या आजूबाजूचं सगळं लोखंड खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं. शिक्का स्वतः फार खोल नसतो. खड्डा शिक्क्याच्या शेजारी असेल तर खड्डा जाताना शिक्का बरोबर घेऊन जाणार. माझ्या वेबलीवर सर्वांत वाईट खड्डा क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यापासून भाताच्या दाण्याएवढ्या अंतरावर होता. पुढचे अर्धे निर्णय त्या खड्ड्यानेच घेतले.

हत्यार पूर्वी कुणी रंगवून घेतलंय का, तेही तपासा. मूळ रंग असेल तर कडा धारदार असतात, अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, स्क्रूच्या भोकांभोवतीचा भाग सपाट असतो. बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या, चाकावर कुणी धरलेलं असेल तर भोकांभोवती बशीसारखी खोलगट जागा दिसते, कोपरे साबण झिजल्यासारखे गोल आणि अक्षरं पाण्यातून बघितल्यासारखी. आणि रंग? नवाकोरा काळाभोर. असं असेल तर मूळपण आधीच गेलेलं आहे, पुन्हा रंगवण्याने फार काही गमवायचं उरत नाही.

शेवटी यंत्र. सिलिंडर हलतं का, घोडा ओढल्यावर घर नळीसमोर बरोबर येऊन थांबतं का, नळीतले आटे दिसतात का. हे बघायला कारागीर लागतो आणि चालवायचा विचार असेल तर हे आधी, रंग नंतर. आतून सैल झालेलं रिव्हॉल्व्हर बाहेरून चकचकीत करणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला पॉलिश मारणं. स्वतः खोलू नका. जुन्या वेबलीत इंग्रजी व्ही आकाराची मोठी स्प्रिंग असते, ती चुकीची काढली की तुटते आणि बदली मिळवताना नाकी नऊ येतात. स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या, घरातला पाचर टोकाचा स्क्रू ड्रायव्हर त्यात घसरतो आणि खाच फाटते. फाटलेली खाच गंजापेक्षा वाईट दिसते.

कशासाठी ठेवताय?

कारागीर पहिल्यांदा हा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो "काळं करू का निकेल?" त्याच्याकडे जाण्याआधी हे आपलं आपण ठरवायचं.

आठवण म्हणून ठेवायचं असेल तर बाबांच्या तळहाताने झिजवलेली मागची कड, म्यानात घालता काढता नळीच्या तोंडाशी उडालेला रंग, हीच तर आठवण. ती पुसून नवं केलं तर दुकानातलं रिव्हॉल्व्हर उरतं. संरक्षणासाठी रोज जवळ बाळगायचं असेल तर घाम आणि खारा वारा सोसणारा थर हवा, सौंदर्य दुय्यम. विकायचं असेल तर जगभर एकच नियम : जुन्या हत्याराची किंमत मूळ रंगात असते, झिजलेला का असेना, आणि नवीन रंगाने ती बहुतेक वेळा घटते. आपल्याकडे घेणाऱ्यालाही परवाना लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक मोजकंच. माझं मत विचाराल तर विक्रीसाठी म्हणून रंगकामावर पैसा घालू नये.

मला आठवण म्हणून हवं होतं. तरीही सहा महिने मी चकचकीत काळ्याच्या मोहात होतो, हे कबूल करतो.

सर्वांत आधी स्वच्छता, आणि बऱ्याचदा तेवढीच

मालकाने स्वतः करण्यासारखं काम एवढंच, आणि मला वाटतं बहुतेक जुन्या रिव्हॉल्व्हरांना तेवढंच पुरतं.

पातळ खनिज तेल घ्या. गन ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं. लाल भागावर थेंब सोडून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी सर्वांत बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून, जोर न लावता, एकाच दिशेने फिरवा. तेल तपकिरी होत जाईल. फडक्याने पुसा, नवं तेल, पुन्हा. पहिल्या दिवशी फारसा फरक दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल जाऊन खालचा काळपट रंग डोकावतो. माझ्या नळीवरच्या डागाला नऊ संध्याकाळी लागल्या. रोज पंधरा मिनिटं, रेडिओ लावून. कोरडी वूल कधीच वापरायची नाही, ती उरलेला रंगही खरवडते. बाहेरून आधी एखाद्या न दिसणाऱ्या जागी करून बघावं, मुठीखाली लपणारा भाग त्यासाठी छान.

काय लावायचं नाही, ती यादी कोकणात मोठी आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीवर घरगुती उपाय आहे. आमसूल, चिंच, लिंबू, व्हिनेगर : सगळी आम्लं, रंग खातात. बाजारात मिळणारे गंज काढायचे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावही तेच करतात. राख आणि वीटकर चरे पाडतात. आणि खोबरेल. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण बाबा जन्मभर खोबरेलच लावायचे. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, पौषातल्या पहाटे बाटलीत बघतोच आपण. तसंच ते घोड्याच्या सांध्यातही थिजतं. वर ते खवट होतं, खवट तेलात आम्ल तयार होतं, आणि धूळ धरून त्याचा डिंक होतो. माझ्या वेबलीचा चाप जड लागत होता तो गंजाने नाही, चाळीस वर्षांच्या खोबरेलाने.

डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला चांगलं, म्हणजे पावसात भिजलं तर लगेच फवारावं. पण तो कायमचा थर नाही. पुसून वर खरं तेल लावायलाच हवं.

स्वच्छता झाली की महिनाभर काही करू नका. रोज जाता येता बघा. मला आठव्या दिवशी "हे आता इतकंही वाईट नाही" असं वाटायला लागलं.

तरीही रंग हवाच असेल तर

उष्ण ब्ल्यूइंग : आज बहुतेक कारागीर काळं करून देतो म्हणतात ते हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंशांना, लोखंडावर काळ्या ऑक्साईडचा थर चढतो. एकसारखा, चमकदार, लवकर होणारा. पण थर कमालीचा पातळ असतो, आणि तेल नसेल तर आपल्या हवेत तो गंज फारसा अडवत नाही. त्याचं दिसणं ९० टक्के आधीच्या पॉलिशवर अवलंबून. म्हणून "काळं छान करतो" यापेक्षा "पॉलिश हाताने करतो की चाकावर?" हे विचारावं. हाताने, सपाट ठोकळ्यावर एमरी पेपर लावून, ३२० नंबरपासून ४०० आणि ६०० पर्यंत, म्हणजे अधिकाधिक बारीक पेपरकडे जाणारा कारागीर कडा राखतो. हे द्रावण घरच्या पडवीत करून बघायचं प्रकरण नव्हे, पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येतं. डबल बॅरलवाल्यांनो, तुमच्यासाठी हे सरळ वर्ज्य. दोन नळ्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात, कॉस्टिक तो डाख खातं आणि सांध्यात शिरून बसतं.

गंजातून ब्ल्यूइंग : जुनी, संथ पद्धत, आणि माझी लाडकी. लोखंड तेलमुक्त करून त्यावर सौम्य आम्लाचा हात देतात, दमट पेटीत ठेवतात, लाल मखमलीसारखा गंज धरू देतात. मग स्वच्छ पाण्यात उकळतात. उकळताना लाल गंज डोळ्यांसमोर काळा होतो. वरची सैल काजळी बारीक वूलने झाडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा-आठ वेळा. येणारा रंग मऊ, थोडा निळसर, चमक कमी, जुन्या इंग्रजी हत्याराला शोभणारा, आणि घासायला उष्ण ब्ल्यूइंगपेक्षा चिवट. डबल बॅरललाही चालतो. आषाढात देवगडला दमट पेटी वेगळी बनवायची गरज नाही, कपाट पुरतं. पण पाणी बोअरवेलचं चालत नाही, क्षारांचे ठिपके उमटतात, डिस्टिल्डच हवं. हे करणारे कारागीर कमी, वेळ जास्त, पैसेही जास्त.

थंड ब्ल्यूइंग म्हणजे बाटलीतलं औषध फडक्याने लावायचं. एखाद्या चऱ्यापुरतं ठीक. आत्याने चंदेरी केलेल्या बाजूवर ते लावून घ्यायचा मोह मला झाला. कारागिराने मुठीखालच्या भागावर ठिपका लावून दाखवला : दोन दिवसांत राखाडी-जांभळट, आजूबाजूपासून वेगळा उठून दिसणारा. नाद सोडला.

निकेल हा किनाऱ्यावरच्या लोकांचा आवडता, कारण "गंजत नाही". निकेल गंजत नाही हे खरं, पण त्याखालचं लोखंड गंजतं. मुलाम्यात सुईच्या टोकाएवढी जरी फट असली तरी खारं पाणी आत जातं, खाली गंज फुगतो आणि निकेलचे पापुद्रे सुटतात. जुन्या निकेल रिव्हॉल्व्हरवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे दिसतात ते यातूनच. मुळात निकेल असलेल्या हत्याराला पुन्हा निकेल करणं समजण्यासारखं आहे, मुळात काळं असलेल्याला नको. केलंच तर दोन गोष्टी कारागिराकडून वदवून घ्या. स्प्रिंगा आणि लहान कडक भाग मुलाम्यात घालणार नाही, कारण आम्ल आणि विजेच्या क्रियेत हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं. आणि नळीच्या आत व सिलिंडरच्या घरांत थर चढू देणार नाही.

फॉस्फेटचा राखाडी, खरखरीत थर लष्करी हत्यारांवर असतो. तेल शोषून धरतो, आपल्या हवेत टिकतो. पण मुलकी वेबलीवर तो सफारी सूटवर गमबूट घातल्यासारखा वाटतो. भट्टीत भाजून पक्का करायचे सेराकोटसारखे सिरॅमिक लेप खाऱ्या हवेला सर्वांत चांगले तोंड देतात, यात वाद नाही. त्यासाठी आधी पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने खरखरीत करावा लागतो, म्हणजे परतीचा रस्ता बंद, आणि लेपाच्या जाडीने बारीक शिक्के बुजतात. रोज कमरेला लावायच्या अलीकडच्या .३२ ला जरूर करा. बाबांच्या वेबलीला मी करणार नाही.

घोडा आणि चाप यांच्याबद्दल एक वाक्य : काही रिव्हॉल्व्हरांत ते मुळात काळे नसतात, पॉलिशचे किंवा ढगाळ रंगछटांचे असतात, म्हणून "सगळंच काळं करून टाका" म्हणू नका.

मुठी

मुठी काढून वेगळ्या ठेवा, त्यांचं काम वेगळं. जुन्या काळ्या कडक रबराच्या मुठी उन्हाने तपकिरी-हिरवट पडतात. गरम पाणी आणि ऊन त्यांचे शत्रू, कोरड्या मऊ ब्रशने खाचा साफ कराव्यात आणि सोडून द्यावं. लाकडी असतील तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, बोटाने चोळून, जादा लगेच पुसून. वार्निश नको. मूठ तुटलीच असेल तर नवी करून घेता येते, शिसवीची सुंदर होते, आणि सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाला हात असलेली माणसं आहेत. फक्त नमुना म्हणून जुनी मूठ न्यायची, रिव्हॉल्व्हर नाही.

कारागिराकडे

आधी त्याचा परवाना बघायला मागा. चांगला कारागीर स्वतःच आपला परवाना तुमच्याकडून आधी मागतो, नोंदवहीत क्रमांक लिहितो, ठेवून घेतल्याची पावती देतो. पावती न देणाऱ्याकडे पाच मिनिटंही थांबू नका. त्याने पूर्वी केलेलं काम बघा, आणि त्यात रंग बघू नका, अक्षरं बघा. मग काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे कागदावर लिहून द्या. माझ्या कागदावर चार ओळी होत्या : बफिंग चाक नाही. शिक्क्यांच्या आजूबाजूला पेपर नाही. खड्डे भरायचे किंवा काढायचे नाहीत. शंका आली तर हात थांबवून फोन.

कारागीर हसला. म्हणाला, मग मी करू काय? शेवटी त्याने यंत्र खोलून चाळीस वर्षांचं खोबरेल काढलं, एक दमलेली स्प्रिंग बदलली, आणि नळी व सिलिंडर डिस्टिल्ड पाण्यात उकळून खड्ड्यांतला उरलेला लाल गंज काळा करून दिला. तो काळा झालेला गंज स्थिर असतो, पुढे खात नाही, आणि खड्डे दिसतात पण ओरडत नाहीत. रंग कुठेच चढवला नाही. डावी बाजू तशीच ठेवली. वर्षभरात ती चंदेरीची तपकिरी-करडी झाली आहे. आत्या ते बघून म्हणते, पुन्हा एकदा घासून देऊ का.

ठेवायचं कसं

आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात महिनोन्‌महिने हवा ओलीच असते. अशा हवेत कुठला रंग दिला यापेक्षा कुठे ठेवलं याला जास्त महत्त्व आहे.

चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार-आम्लं लोखंडाला देत राहतं. म्यान वेगळं टांगा. स्पंज बसवलेल्या देखण्या पेट्या, वर्तमानपत्र, प्लास्टिकची पिशवी, हे सगळं त्याच कारणाने बाद. पातळ तेलाचा हात देऊन, किंवा संग्रहालयात धातूवर लावतात तसल्या मेणाचा थर देऊन, जुन्या मऊ सुती कपड्यात सैल गुंडाळायचं आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. डबा कुलुपाच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून वर. किल्ली एकाच्याच कमरेला. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायची वेळ येते तेव्हा म्यान घरी ठेवा, जाड तेल लावून गंजरोधक कागदात गुंडाळून द्या, आणि परत घेताना तिथेच उघडून अवस्था पावतीवर लिहून घ्या.

तपासणी मे महिन्याअखेर एकदा, मग नारळी पौर्णिमेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर दोन महिन्यांनी. दरवेळी आधी रिकामं असल्याची खात्री, मोजे, पुसणं, नवं तेल. सिलिका निळी असेल तर काम करते आहे, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर निळी होईपर्यंत परतायची, तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही. गेल्या आषाढात माझी पुडी आठच दिवसांत गुलाबी झाली. दोनदा परतली, दोनदा तेच. शेवटी डबा पाण्यात बुडवून बघितला तर झाकणाच्या रबराला एका कोपऱ्यात चीर गेलेली. चाळीस रुपयांचं रबर बदललं.